बायनरी एसटीएल फाइल लहान करा, एकही बिट न हलवता

बायनरी एसटीएल (त्रिकोणांच्या जाळीतलं त्रिमितीय मॉडेल, मजकुराऐवजी थेट बाइटांत) झिप केली की बहुतेकदा अपेक्षेपेक्षा कमीच आकसते. मग 'फ्लोट (32 बिटांचे दशांश) आकडे दाबले जात नाहीत' असं म्हणून विषय सोडून दिला जातो. दोष आकड्यांचा कमी आणि मांडणीचा जास्त आहे. 1987 पासूनच्या या फॉरमॅटमध्ये 80 बाइटचं हेडर असतं, मग 4 बाइटची त्रिकोणसंख्या आणि पुढे दर त्रिकोणाला 50 बाइट: नॉर्मलचे (पृष्ठाला लंब दिशेचे) 3 आणि शिरोबिंदूंचे 9 असे 12 फ्लोट, वर 2 बाइट अॅट्रिब्यूट. दहा लाख त्रिकोणांची फाइल 5,00,00,084 बाइटची होते. बंद जाळीत शिरोबिंदू त्रिकोणांच्या साधारण निम्मे असतात, म्हणजे एकेक बिंदू सरासरी सहा वेळा लिहिलेला असतो. ही पुनरावृत्ती झिपच्या नजरेतून निसटते, कारण डिफ्लेट (झिपची दाबण्याची पद्धत) मागच्या 32 केबीपुरतंच पाहतं. तेवढ्यात 655 त्रिकोण मावतात.

म्हणून आधी मांडणी बदलायची, दाबणं शेवटी.

पहिलं काम तपासणीचं. टेक्स्ट एसटीएल 'सॉलिड' या शब्दाने सुरू होते, पण हेडर त्या शब्दाने सुरू झालं म्हणून फाइल टेक्स्ट आहे असं धरू नका. काही प्रोग्राम बायनरी फाइलमध्येही तोच शब्द लिहितात. आकार बरोबर 84 + 50 × त्रिकोणसंख्या आहे का ते बघा. नसेल तर ही पद्धत तिथे लावू नका, फाइल आहे तशी झेडस्टँडर्डला (झिपसारखंच दाबणारं साधन) द्या. सीमध्ये वाचताना स्ट्रक्ट 'पॅक' करायला विसरलात तर कंपायलर तो 52 बाइटचा करतो आणि दुसऱ्या त्रिकोणापासून सगळं सरकतं.

आता शिरोबिंदू वेगळे काढा. प्रत्येक बिंदूचे 12 बाइट हीच हॅश टेबलची (झटपट शोधाच्या तक्त्याची) की, आणि पहिल्यांदा दिसेल त्या क्रमाने नंबर. तुलना बिटांची करायची, किमतींची नाही. फ्लोट म्हणून 0.0 आणि −0.0 सारखे ठरतात, पण त्यांचे बिट वेगळे. एनएएन ('आकडा नाही' अशी खूण) तर स्वतःशीही जुळत नाही. 'जवळचे बिंदू एक करा' हा पर्याय इथे चालणार नाही, ती दुरुस्ती झाली. त्रिकोणांचा आणि त्यांच्या कोपऱ्यांचा क्रमही हलवू नका.

दहा लाख त्रिकोणांसाठी आता साधारण 60 लाख बाइटचे बिंदू आणि 1 कोटी 20 लाख बाइटचे इंडेक्स उरतात. इंडेक्स जसाच्या तसा न लिहिता 'पुढचा नवा नंबर वजा हा इंडेक्स' असा लिहा. नवा बिंदू आला की 0, नुकताच येऊन गेलेला असेल तर लहान आकडा.

एक्स, वाय, झेड यांचे तीन वेगळे प्रवाह करा. लागोपाठच्या किमतींची वजाबाकी फ्लोटमध्ये केलीत तर राउंडिंगमध्ये बिट जातात आणि परत येत नाहीत. फ्लोटचे 32 बिट बिनचिन्ह पूर्णांक म्हणून घ्या. चिन्हाचा बिट 1 असेल तर सगळे बिट उलटे करा, नाहीतर फक्त तोच बिट उलटा करा. म्हणजे पूर्णांकांचा क्रम आकड्यांच्या क्रमाशी जुळतो. मग 32 बिटांत गुंडाळणारी वजाबाकी, त्यावर झिगझॅग (0, −1, 1, −2 यांचे 0, 1, 2, 3), आणि शेवटी सगळ्या फरकांचे वरचे बाइट एकत्र, मग त्याखालचे, असे चार थर. एक्स, वाय किंवा झेड स्थिर राहतो अशा सपाट पृष्ठांवर तो प्रवाह सलग शून्यांचा होतो. वक्र पृष्ठांवर खालचे दोन थर मात्र जवळजवळ गोंगाटच असतात, तिथे चमत्काराची अपेक्षा नको. दाबण्याआधी एकक बदलू नका हेही यातूनच येतं: 0.5 इंचाचे खालचे तीन बाइट शून्य असतात, त्याचे 12.7 मिमी केले की ते भरतात.

नॉर्मल शिरोबिंदूंवरून काढता येतात, म्हणून ते टाकून द्यायचा मोह होतो. टाकू नका. काही प्रोग्राम तिथे नुसती शून्यं लिहितात, काहींचं राउंडिंग वेगळं असतं. तुमच्या हिशेबाचा नॉर्मल आणि फाइलमधला यांचा एक्सऑर (वेगळे असतील त्या बिटांवर 1, सारख्यांवर 0) साठवा. जुळले तर शून्य, नाही जुळले तरी माहिती शाबूत. इथला खरा सापळा यंत्र बदलल्यावर दिसतो. कंपायलरने गुणाकार आणि बेरीज एकत्र करून एकदाच राउंडिंग केलं, तर एका यंत्रावर दाबलेली फाइल दुसऱ्यावर वेगळी उघडते. हे एकत्रीकरण आणि 'फास्ट मॅथ' दोन्ही बंद ठेवा, हिशेब डबलमध्ये करा.

अॅट्रिब्यूटचे बाइट बहुतेक शून्य असले तरी काही सॉफ्टवेअर त्यांत रंग ठेवतात, मॅजिक्स हे सॉफ्टवेअर तर हेडरमध्येही ठेवतं. दोन्ही जसेच्या तसे उचला. मग प्रत्येक प्रवाह वेगळा झेडस्टँडर्डच्या 19 व्या पातळीवर किंवा एक्सझेडने (असंच आणखी एक साधन) दाबा.

मूळ फाइल पुसण्याआधी दाबलेली फाइल नव्या नावाने उघडून दोन्हींचा एसएचए-256 (फाइलच्या बाइटांवरून काढलेला ठसा) जुळवा. मॉडेल व्ह्यूअरमध्ये सारखं दिसणं पुरेसं नाही, −0.0 तिथे दिसत नाही. चाचणीला 84 बाइटची रिकामी फाइल, 684 बाइटचा 12 त्रिकोणी ठोकळा, मुद्दाम एनएएन घातलेली एक आणि रंगीत एक एवढ्या तरी हव्यात.

डीएक्सएफ (कॅड आराखड्यांचा मजकुरी फॉरमॅट) किंवा टेक्स्ट एसटीएलवर हे थेट लावू नका. 17 सार्थ अंकांत डबलची किंमत परत मिळते, पण '0.5' आणि '0.500' यांतला फरक उरत नाही. दशांश स्थळं वेगळी नोंदवायची तयारी नसेल तर तिथे नुसतं एक्सझेड वापरा.