पौराणिक चित्रपटाच्या ड्रेस डिपार्टमेंटला येताय? आधी तारामतीची साडी समजून घ्या

कोल्हापुरात ड्रेसवाल्यांच्या हाताखाली कामाला येणाऱ्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगते. मोबाईलमधल्या फोटोंवर कंटिन्युटी (म्हणजे एका सीनमधले कपडे कथेतल्या पुढच्या-मागच्या सीनशी जुळणं) निभते असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका.

हरिश्चंद्राचीच कथा घ्या. आपल्या कोल्हापुरातल्या ‘प्रभात’ने १९३२ साली तिच्यावर ‘अयोध्येचा राजा’ काढला, मराठीत आणि हिंदीतही. कथा सगळ्यांना पाठ असते आणि तिथेच घात होतो. राज्य जातं, काशीत तारामती विकली जाते, रोहिदासाला साप चावतो, मग स्मशान. शूटिंग या क्रमाने होत नाही. महालाचा सेट उभा आहे म्हणून पहिला दरबार आणि राज्य परत मिळाल्याचा सीन लागोपाठ उरकतात. पंचगंगेच्या घाटाची परवानगी लवकर मिळाली की स्मशान सगळ्यात आधी.

स्मशानात तारामतीचा पदर फाटलेला दाखवला. नंतर ब्राह्मणाच्या घरी ती राबते ते सीन लागले, जे कथेत आधीचे. तेव्हा पदर किती विरलेला हवा? ठिगळ होतं का? फोटोत फाटका पदर दिसतो, तो कधी आणि कशाने फाटला ते दिसत नाही. या पेचात मी रात्रभर स्क्रिप्ट मागून पुढे वाचत बसले होते, सकाळी सातची शिफ्ट डोक्यावर.

म्हणून शूटिंगआधीच वहीत कथेच्या क्रमाने सीन उतरवा आणि प्रत्येकापुढे साडीची अवस्था लिहा. एकाच वाणाच्या किमान तीन साड्या घ्या: कोरी, विटलेली, फाटकी. कॅमेऱ्यासमोर फाडायची असेल तर रिटेकसाठी आणखी.

कोर्स करा, पण खरं शिक्षण जुन्या ड्रेसदादांकडेच आहे, असं माझं ठाम मत आहे. ते चहाच्या पाण्यात साडी बुडवतात आणि मग कमरेवर, घागर टेकते नेमकं तिथेच, दगडाने घासतात. बाकी साडीला हातही लावत नाहीत. हे बघत उभं राहा. ओरडतील, मनावर घेऊ नका. ज्याच्यावर ओरडतात त्यालाच शिकवतात.

पैशाचं मात्र पहिल्याच दिवशी लिहून घ्या. ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणणाऱ्याकडे थांबू नका.

सुरुवातीला काहीच सुचत नाही, सगळ्यांचंच तसं होतं. वही चोख असली की महिन्याभरात हात बसतो. आणि पॅकअपनंतर विचारल्याशिवाय एकही कपडा धुवायला टाकू नका. स्मशानातल्या साडीवरची राख उद्याच्या सीनलाही लागणार असते.