श्रमदानातून व्यायाम: गोव्यात वर्षभर काय आणि कसे करावे

गांधी जयंतीला तासभर किनाऱ्यावर कचरा वेचला तर किनारा तेवढ्यापुरता स्वच्छ होतो, अंगाला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. शरीर तयार होते ते दर आठवड्याला ठरल्या दिवशी घाम गाळल्याने. गोव्यात तसे काम बाराही महिने मिळते: पाऊस ओसरला की व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारे, हिवाळ्यात किनारे, उन्हाळ्यात रोपांना पाणी आणि पावसात लागवड.

प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले किमान माप आठवड्याला 150 मिनिटे मध्यम श्रमाचे आहे, शिवाय दोन दिवस स्नायूंना जोर देणारे काम. काम करताना बोलता येते, पण भजनाचा चरण सलग म्हणता येत नाही, तो मध्यम श्रम समजावा. मिनिटे प्रामाणिकपणे मोजा. सकाळच्या तीन तासांतून चहा, फोटो आणि सामानाची चढउतार वगळली तर हात चालतात ते साधारण दीड तास. म्हणून आठवड्यातून दोन सकाळी राखून ठेवाव्यात. एकच जमत असेल तर आणखी तीन दिवस 20-20 मिनिटे झपाट्याने चालावे आणि त्यातल्या एका दिवशी उठाबशा व भिंतीला हात टेकून जोर काढावेत.

सगळ्यांत सर्वांगी काम आमच्या मते पोत्यांच्या बंधाऱ्याचे. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या भागांत कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) आजूबाजूला लहान व्हाळ पुष्कळ आहेत. जमीनमालक किंवा कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) आणि पंचायत यांची परवानगी आधी घ्यावी. ऑक्टोबरात घाई केली तर परतीचा एखादा जोरदार पाऊस सगळे वाहून नेतो; जानेवारीपर्यंत थांबले तर अडवायला पाणीच उरत नाही. नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा योग्य काळ.

पात्र 5 मीटर रुंद आणि बंधारा 1 मीटर उंच धरला तर तीनशेच्या आसपास पोती लागतात. सिमेंटची रिकामी पोती वाऱ्याकडे पाठ करून झटकून घ्यावीत. पोते निम्मेच भरावे, म्हणजे वजन 20 ते 25 किलो राहते. काठोकाठ भरलेले पोते 50 किलोंच्या पुढे जाते, आणि कंबर धरते ती बहुधा अशाच पोत्याने. माती काठ खणून काढू नये, काठ ढासळतो. पात्रात साचलेला गाळ घ्यावा.

आधी पात्रातला पालापाचोळा आणि सुटे दगड काढून तळ मोकळा करावा, नाहीतर पाणी खालून वाट काढते. पायथ्याची रुंदी उंचीच्या दुप्पट ठेवावी आणि वर निमुळते होत जावे. पोत्याचे तोंड सुतळीने बांधून आत दुमडावे. वरच्या थरातले पोते खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यायला हवे. फटींत चिखल ठासावा. मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा वीतभर खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी मधून सांडेल. हे विसरले की पाणी बाजूने काठ कापत जाते आणि बंधारा उभा असूनही व्हाळ रिकामा होतो. मे महिन्यात पोती रिकामी करून परत न्यावीत. नाहीतर पहिल्या पुरात ते सगळे प्लास्टिक नदीतून समुद्राला मिळते.

तीनशे पोती म्हणजे साडेसहा टनांच्या आसपास माती. पंधरा माणसांनी दोन सकाळींत उचलली तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस पोती येतात. आकडा झेपण्यासारखा आहे, पण कामाची अदलाबदल हवी. खणणे, पोते धरणे, बांधणे, साखळीत उभे राहणे, रचणे अशी पाच कामे लावून दर 20 मिनिटांनी सगळ्यांनी एक जागा पुढे सरकावे. पोते धरणाऱ्याला आपोआप विश्रांती मिळते. खोरे ओढताना पाय फाकवून गुडघे किंचित वाकवावेत, पाठ सरळ ठेवून कमरेच्या सांध्यातून वाकावे, आणि बारी बदलली की पुढचा हातही बदलावा. साखळीत पोते फेकू नये. ते पोटाशी धरून पावलांसकट वळावे. पाय रोवून नुसते धड पिळले की मणक्याला इजा होते. उचलताना श्वास सोडावा. रक्तदाब असणाऱ्यांनी तर श्वास कोंडून वजन उचलूच नये.

लागवडीचे खड्डे मे महिन्यात, उजाडताच खणावेत. जांभ्यात कुदळ उसळते, तिथे आधी पहार चालवावी लागते. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा पुरे. भिरंड (कोकम), जांभूळ, किंदळ अशी इथली झाडे निवडावीत. उघड्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, मात्र झाडे लावू नयेत. पावसात फुलणाऱ्या लहान वनस्पतींचे ते घर आहे, ओसाड जमीन नव्हे. लागवडीला गर्दी होते आणि जानेवारी ते मे पाणी घालायला कोणी नसते. खरा व्यायाम तिथेच आहे: दोन्ही हातांत 10-10 लिटरचे डबे, खांदे मागे, लहान पावले. एकाच हातात डबा घेतला तर कंबर एका बाजूला ओढली जाते.

किनाऱ्यावर भुसभुशीत वाळूत चालायलाच जास्त जोर लागतो. उतारावर एक पाय सतत खाली पडतो, म्हणून जाताना जेवढे चालाल तेवढेच त्याच पट्ट्यातून परत यावे. वाकणे कमी करायला लांब चिमटा घ्यावा. मर्यादवेल उपटू नये, वाळूच्या टेकड्या तीच धरून ठेवते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग येथे कासवांच्या विणीच्या काळात वन खात्याला विचारल्याशिवाय दाताळ्याने वाळू ओढू नये. पायाला डांबराचा गोळा चिकटला तर खोबरेल चोळून काढावा, रॉकेल लावू नये.

उन्हापेक्षाही इथली दमट हवा माणसाला थकवते, कारण घाम सुकत नाही. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत काम आटोपावे. दर 20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे, आणि काम संपल्यावर उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणचे. घामातून गेलेले पाणी आणि मीठ दोन्ही भरून निघते. मधुमेहींनी उपाशीपोटी येऊ नये, खिशात साखर ठेवावी. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. कोणी बरळू लागला, अंग तापले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत 108 ला फोन लावावा.

पावसाळी पाण्यात उतरताना गमबूट आणि हातमोजे हवेतच; जखम असेल तर त्या दिवशी कोरडे काम घ्यावे. लेप्टोचे (उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचे) जंतू कातडीच्या भेगांतूनही शिरतात. सत्तरीत 2015 पासून गोचिडांच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. थंडी-उन्हाळ्यात तिथल्या रानात जाताना पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली पँट आणि घरी येताच गरम पाण्याने अंघोळ व गोचिडांची तपासणी, यात सूट नाही. मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवावे. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर कुठे काम केले होते ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

नव्या माणसाचे अंग दुसऱ्या दिवशी जास्त दुखते आणि तीन-चार दिवसांत उतरते. तेवढ्यात हलके चालत राहावे, झोपून राहू नये. कळ पायात उतरली, मुंग्या आल्या किंवा लघवी काळपट झाली तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.