पडदा कागदाइतकाच उजळ ठेवा

माझं काम मुद्रितशोधनाचं. दिवसाचा बराच वेळ फोन, टॅब नाहीतर ई-रीडरवर प्रुफं वाचण्यात जातो. पडदा जास्त प्रखर असला की सगळ्यात आधी अनुस्वार निसटतो. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांना वेगळं करणारी शिरोरेषेतली एवढीशी फट दिसेनाशी होते. देवनागरी वाचणाऱ्याने तर ब्राइटनेस नीट लावूनच घ्यावी.

त्यासाठी एक कोरा पांढरा कागद पुरतो. ऑटो ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळसर मोड बंद करा. पांढऱ्या पानावरचा मजकूर उघडा, कागद पडद्याला लागून धरा आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघा. पडदा दिव्यासारखा चमकत असेल तर उजेड कमी करा, मळकट दिसत असेल तर वाढवा. दोन्ही सारखेच उजळ वाटले की थांबा. साधारण 500 लक्स उजेडाच्या खोलीत पांढरा कागद जेमतेम 125 निट्स इतका उजळ असतो (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप, निट्स म्हणजे पृष्ठभाग किती उजळ दिसतो त्याचं). बहुतेक फोन त्याच्या कितीतरी पुढे जातात. जागा बदलली की पुन्हा जुळवा.

भर उन्हात मात्र हे जमत नाही. तिथे तोच कागद 20,000 निट्सच्या वर जातो, फोनची तिथवर पोच नाही. सावलीत जा, काचेत आकाश दिसणार नाही असा फोन तिरका करा. ई-इंकच्या रीडरला ऊन चालतं, कारण त्याचा पडदा बाहेरच्याच उजेडावर वाचता येतो. त्याचे दिवे पडद्यामागे नसून कडेला असतात आणि त्यांचा उजेड वरून पसरतो. उन्हात ते सरळ बंद करा.

रात्री खोलीत एखादा दिवा असू द्या. डार्क मोड सगळ्यांना मानवतोच असं नाही: काळ्या पानावर डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि दृष्टिवैषम्य (डोळ्याची वक्रता सगळीकडे सारखी नसणं) असेल तर पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. मला मंद केलेलं पांढरं पानच बरं वाटतं.

ब्राइटनेस अगदी खाली नेल्यावर डोकं दुखत असेल, तर दुसऱ्या फोनने पडद्याचा स्लो-मोशन व्हिडिओ काढून बघा. त्यात काळे पट्टे सरकताना दिसले तर पडदा लुकलुकतोय. बऱ्याच ओएलईडी पडद्यांत उजेड असाच कमी केला जातो. अशा वेळी ब्राइटनेस थोडी वर ठेवा आणि खोलीतला उजेड वाढवा.