टोकियोतल्या जपानी बागा कशा पाहाव्यात

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलेल्यांना जपानी बागेची तोंडओळख असतेच. ते जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. टोकियोत मात्र एवढ्या बागा आहेत की यादी घेऊन पळत सुटावंसं वाटतं. तसं करू नका. दिवसाला दोन पुरेत.

आधी दिवस ठरवा. मार्चअखेर चेरी फुलते, नोव्हेंबरअखेर मेपल लाल होतो; गर्दीही तेव्हाच. मला विचाराल तर जूनमध्ये जा. पाऊस असतो, पण आयरिस फुललेल्या असतात आणि ओल्या शेवाळाचा रंग इतर दिवसांत दिसत नाही. खाली दिलेल्या टोकियोच्या चारही बागा 9 ते 5 उघड्या असतात, शेवटचा प्रवेश साडेचारला. 29 डिसेंबर ते 1 जानेवारी बंद. तिकीट कियोसुमीचं 150 येन, बाकी तिघींचं 300. आई-बाबा 65 च्या पुढचे असतील तर निम्म्यात काम होतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा.

पहिला दिवस: कोइशिकावा कोराकुएन आणि रिकुगिएन. सकाळी कोइशिकावा कोराकुएन; ओकायामाची ती वेगळी. 1629 मध्ये तेव्हाच्या राज्यकर्त्या तोकुगावा घराण्याच्या मितो शाखेने ही बाग करायला घेतली. राज्यकर्त्याने चिंता प्रजेच्या आधी करावी आणि सुख प्रजेच्या नंतर भोगावं, या चिनी वचनावरून तिचं नाव पडलं. आत चक्क भातखाचर आहे! शेतकऱ्याचे कष्ट सुनेला कळावेत म्हणून याच मितो शाखेच्या मित्सुकुनीने ते करवलं, असं सांगतात. शेजारच्या टोकियो डोम स्टेडियमचं पांढरं छत झाडांवरून डोकावतं, तिथल्या रोलर कोस्टरवरच्या किंकाळ्याही ऐकू येतात. त्यांचा राग धरू नका.

मग कोराकुएन स्टेशनवरून नानबोकू लाइनने तिसरं स्टेशन कोमागोमे. तिथे 1702 चं रिकुगिएन. जपानी कवितांमधली 88 दृश्यं इथे टेकडी, पाणी आणि दगडांतून उभी केली होती. दाराशी नकाशा घ्या, पण सगळी शोधत बसू नका.

आता चालायचं कसं. या बागा तळ्याभोवती फिरण्यासाठी आखलेल्या आहेत. अख्खं तळं एका जागेवरून दिसू नये, अशीच वाट वळवलेली असते: झाडाआड पूल लपतो, चार पावलांवर पुन्हा पुढे येतो. म्हणून मधूनच आडवं जाऊ नका, वळणावर थांबा आणि मागे वळून पाहा. फोटो काढायचा तर तिथूनच. वाटेत दोरीने बांधलेला छोटा दगड दिसला तर समजा, इथून पुढे जायचं नाही. आपल्याकडे अशा जागी पत्र्याची पाटी लागते.

दुसरा दिवस: हामारिक्यू आणि कियोसुमी. हामारिक्यूसाठी शिओदोमे स्टेशनवर उतरा. इथलं तळं खाऱ्या पाण्याचं आहे. टोकियोच्या उपसागराचं पाणी झडपेतून आत घेतात आणि भरती-ओहोटीबरोबर तळ्याचा काठ बदलतो. मधल्या बेटावर चहाघर आहे. तिथे माचा म्हणजे हिरव्या पुडीचा चहा आणि गोड वडी घेऊन अर्धा तास सहज जातो. जपानी चहा कडू लागतो, म्हणून वडी आधी खा.

शिओदोमेहून ओएदो लाइन थेट कियोसुमी-शिराकावाला नेते. मित्सुबिशीचा संस्थापक इवासाकी यातारो याने ही बाग घेतली आणि कंपनीच्या जहाजांतून देशभरचे नामांकित दगड इथे आणवले. तळ्याच्या काठाने पाण्यातल्या दगडांवरून पाय टाकत जायचं असतं. मुलांना हे फार आवडतं. वयस्करांनी मात्र काठीशिवाय जाऊ नये आणि पावसात कुणीच जाऊ नये.

तिसरा दिवस हाताशी असेल तर योकोहामाचं सांकेईएन. हारा सांकेई या रेशीमव्यापाऱ्याने 1906 मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं. त्याने जुन्या इमारती ठिकठिकाणांहून उचलून इथे आणल्या. टेकडीवरचा तीन मजली पॅगोडा क्योतोकडचा. गुडघे साथ देत असतील तर वर चढा, नाहीतर तळ्याकाठूनही तो छान दिसतो.