परदेशातला ऑडिओ सेट सांगलीत लावताय? या चुका टाळा

अमेरिकेतून मुलाने किंवा जावयाने अ‍ॅम्प्लिफायर आणला की घरचे आधी पिन बदलायचा अ‍ॅडॅप्टर शोधतात. अ‍ॅडॅप्टरने फक्त पिनचा आकार बदलतो. आत आपले २३० व्होल्टच जातात आणि १२० व्होल्टचा सेट बटण दाबताच धूर सोडतो.

आधी मागची पट्टी वाचा. १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ लिहिलं असेल तर पिन बदलून काम भागतं. काही जुन्या सेटना मागे व्होल्टेजचा खटका असतो. तो २२० किंवा २४० वर आणा. हे दोन्ही नसेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागणारच, तोही लोखंडी गाभ्याचा, जड. हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका कन्व्हर्टर इथे नको. पट्टीवर ३०० वॅट असतील तर ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) चा घ्या.

जपानी सेट १०० व्होल्टचा असतो. ‘एकशेदहाचा ट्रान्सफॉर्मर चालतो की’ म्हणून दुकानदार गळ्यात मारतील, पण ऐकू नका. रात्री शेतीपंप बंद होऊन मळ्यातल्या घरात व्होल्टेज २५० वर चढलं, तर त्याच ट्रान्सफॉर्मरमधून १२० बाहेर पडतात.

खरी फसगत रेकॉर्ड प्लेअरची होते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. थेट घरच्या एसी विजेवर चालणारी, हर्ट्झवर वेग ठरणारी सिंक्रोनस मोटर तेवढ्याच प्रमाणात मंदावते: मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८. गायकाची काळी एक (पेटीवरची पट्टी) उतरून काळी पाचच्याही किंचित खाली जाते. मिरजेत तंबोरा जुळवणाऱ्या माणसाला हे दोन सुरांत कळेल. बाकीचे मात्र ‘बेल्ट सैल झालाय’ म्हणत बेल्टच बदलत बसतात. बदलायची असते ती पुली (मोटरवरचं बेल्ट फिरवणारं छोटं चाक), ५० हर्ट्झची. डीसी मोटरच्या प्लेअरला हा त्रास नाही.

सेट चुकून २३० वर लागलाच, तर उडालेल्या फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका. मेकॅनिककडून आधी आतलं तपासून घ्या आणि पहिल्यांदा सिरीज बल्ब (सेटला जाणाऱ्या विजेच्या वाटेत जोडलेला बल्ब) लावूनच चालू करायला सांगा. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे.

आणि रेडिओ. अमेरिकन डिजिटल ट्यूनर मीडियम वेव्हवर १०-१० किलोहर्ट्झच्या उड्या मारतो, आपली केंद्रं मात्र ९-९ च्या अंतरावर. सांगली आकाशवाणीचं १२५१ त्यावर नेमकं लागत नाही. मागे ९/१० चा खटका असेल तर तो ९ वर करा.