नामुलीवर जायचंय? आधी परवानगी काढा, मग चढा

नामुली मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतात आहे, 2,419 मीटर, देशातला दोन नंबरचा उंच डोंगर. इथं नॅशनल पार्क वगैरे काही नाही, म्हणजे गेट नाही, तिकीट नाही, अडवणारा गार्ड पण नाही. म्हणून आपणच जपून वागायचं.

मुक्काम गुरुएला करा, चहाच्या मळ्यांचं गाव आहे. पावसाळा (साधारण नोव्हेंबर ते एप्रिल) टाळा, कातळ ओला झाला की पाय ठरत नाही. निघायच्या आधी गुरुएच्या बाजारातून "फारिन्या द मापिरा" घ्या, म्हणजे आपलं ज्वारीचं पीठच, आणि थोडे तांदूळ. हे खायला नाही हं. इथल्या लोम्वे लोकांसाठी नामुली पवित्र आहे, माणूस या डोंगरातूनच आला असं ते मानतात, आणि पायथ्याला मुगुन्या सेदे गावात त्यांची राणी असते, तिला भेटून पूर्वजांसाठी पीठ वाहायचं आणि मगच वर जायचं. हे उरकायचं काम समजू नका प्लीज, घाई असेल तर जाऊच नका. गाइड त्याच गावातला घ्या, पैसे गावात राहतात आणि उभं जंगल कामाचं आहे हे गावाला दिसतं.

वर मुरेथाच्या पठाराकडे गेलात की मन खट्टू होतं, जंगल तोडून, जाळून बटाटे लावलेत. जंगलाची माती कसदार असते, पीक चांगलं येतं, काही वर्षांनी कस गेला की पुढचा तुकडा तोडतात. पण शेतकऱ्याला शिकवायला जाऊ नका, त्याचं घर त्या बटाट्यावर चालतं. तुम्ही तुमच्यापुरतं पाळा: शेकोटी नाही, गॅसचा छोटा स्टोव्ह न्या, कोरड्या दिवसांत एक ठिणगी गवतातून जंगलाच्या कडेपर्यंत जाते. बुटांना चिकटलेलं बी-माती खालीच झटकून टाका, बाहेरचं बी वर जायला नको.

दुर्बीण मात्र न्याच. नामुली अपालिस हा चिमुकला पक्षी उत्तर मोझांबिकच्या डोंगरांबाहेर कुठेच नाही, आणि व्हिन्सेंटची खार तर फक्त नामुलीवरच आहे, जंगलाचा एकेक तुकडा गेला की तिची जागा तेवढी कमी. फोनवर त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नका, गप बसून राहा, येतो. जे दिसेल ते तारखेसकट ई-बर्ड (पक्ष्यांसाठी), आयनॅचरलिस्ट (सगळ्या जीवांसाठी) या नोंदींच्या वेबसाइटवर टाका, जिथं पहारा नाही तिथं पुढच्या अभ्यासकाला अशा नोंदींचा फार उपयोग होतो. फक्त बोटाएवढा पिग्मी सरडा दिसला तर अचूक लोकेशन लपवा, असे सरडे पकडून विकणारे पण त्या नोंदी वाचतात.