केनियातले मलेरिया संशोधन आणि त्यामागचा पैसा: मुंबईत बसून अभ्यास कसा करावा

सार्वजनिक आरोग्य किंवा कीटकशास्त्र शिकणाऱ्या मुंबईकरांनी प्रबंधासाठी केनियातले मलेरिया संशोधन, म्हणजे तिथे किती लेख निघतात आणि त्यांना पैसा कोण देते, हा विषय जरूर निवडावा. आपल्या गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा मलेरिया पसरवणारा डास मुंबईला १९११च्या बेंटली अहवालापासून माहीत आहे. आफ्रिकेत तो २०१२ साली जिबूतीत सापडला, पुढे इथिओपियात आणि आता केनियातही. तिथल्या संशोधनाला आज पडलेले प्रश्न आपल्या ओळखीचे आहेत, ही मोठी जमेची बाजू.

सुरुवात पबमेडपासून करा. वैद्यकीय शोधलेखांची ही ऑनलाइन सूची फुकट आहे. मलेरिया, प्लाझमोडियम, ॲनोफिलिस आणि ॲन्टिमलेरियल हे शब्द इंग्रजीत टाकून ‘ऑर’ने जोडा. मग ‘ॲन्ड’ लावून केनिया हा शब्द दोनदा वेगवेगळा शोधा: एकदा लेखकांच्या पत्त्यात, एकदा शीर्षक व सारांशात. पहिल्या यादीत केनियात बसून केलेले काम येते, दुसऱ्यात केनियाविषयीचे. दोन्ही एकत्र करू नका. जे लेख फक्त दुसऱ्या यादीत आहेत, त्यांतल्या बऱ्याच लेखांसाठी रक्ताचे नमुने केनियाचे आणि लेखक बाहेरचे असतात. ते प्रमाण हाच अभ्यासाचा एक निष्कर्ष ठरतो. (दुसरा देश घेणार असाल तर सावध राहा. नायजर शोधताना ॲस्परजिलस नायजर ही बुरशी येते, गिनी शोधताना पापुआ न्यू गिनी आणि गिनी पिग, काँगो शोधताना दोन देश आणि काँगो रेड हा रंग.)

एका वेळी १०,००० नोंदीच उतरवता येतात, त्यामुळे गरज पडल्यास वर्षांचे तुकडे पाडा. उतरवलेल्या यादीतून शंभर नोंदी यादृच्छिकपणे निवडा आणि सारांश स्वतः वाचा. विषयाबाहेरचे लेख जास्त निघाले तर शब्द बदलून पुन्हा शोधा.

दरवर्षीच्या लेखसंख्येचा आलेख काढताना बहुतेक जण इथे फसतात. पबमेडमध्ये २०१४ च्या आधी फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवला जाई. नंतर सगळ्यांचे येऊ लागले. त्यामुळे २०१४ नंतर केनियाचे लेख अचानक वाढलेले दिसतात. ती वाढ बरीचशी नोंदणीच्या पद्धतीची आहे. उपाय सोपा: सर्व वर्षांसाठी पहिल्या लेखकाचाच पत्ता मोजा.

आता पैसा. अनुदान क्रमांकांचा रकाना पबमेडमध्येही आहे, पण त्यात अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था एनआयएच आणि ब्रिटनची धर्मादाय संस्था वेलकम यांच्या नोंदी चांगल्या भरलेल्या असतात, इतरांच्या तुरळक. त्यावरून ‘सर्वांत मोठा देणगीदार’ ठरवू नका. वेब ऑफ सायन्स या सशुल्क लेखसूचीत निधीची माहिती २००८ पासूनच पद्धतशीर मिळते. रकाना रिकामा म्हणजे निधी नव्हता असे नाही. ‘नोंद नाही’ असा वेगळा गट ठेवा. केनियाच्या सरकारी संस्थेने दिलेले पगार आणि इमारती तर आभाराच्या ओळीत सहसा येतच नाहीत, म्हणून देशाचा स्वतःचा वाटा कमी दिसतो.

एकाच संस्थेची नावे वेगवेगळी लिहिलेली असतात: वेलकम, वेलकम ट्रस्ट, द वेलकम ट्रस्ट. ओपनरिफाइन या मोफत सॉफ्टवेअरच्या ‘क्लस्टर’ सोयीने ती एकत्र करा, मात्र प्रत्येक जोडी डोळ्यांनी तपासून.

लेखांची संख्या म्हणजे रक्कम नव्हे. रकमेसाठी एनआयएच रिपोर्टर हे त्या संस्थेच्या अनुदानांचे संकेतस्थळ आणि गेट्स फाउंडेशनची अनुदान यादी पाहा. रिपोर्टरमध्ये देश म्हणून केनिया निवडला तर थेट मिळालेलीच अनुदाने दिसतात. अमेरिकी विद्यापीठाच्या नावावर येऊन पुढे केनियातल्या किसुमू शहराला पोचलेला पैसा सुटतो. म्हणून ‘पैसा कोणाच्या खात्यात आला’ आणि ‘काम कुठे झाले’ हे दोन वेगळे रकाने हवेत. पाच वर्षांचे अनुदान पाच वर्षांत वाटून मांडा, त्या-त्या वर्षाच्या सरासरी दराने एकाच चलनात आणा आणि महागाईचा हिशेब करा. एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीचा पैसा मुख्यतः मच्छरदाण्या, औषधे आणि तपासण्यांसाठी असतो; तो संशोधनात धरला तर सगळे चित्र बिघडते.

विषयांचा कल पाहण्यासाठी व्हॉसव्ह्यूअर हे लेखांतल्या शब्दांचे नकाशे काढणारे सॉफ्टवेअर पुरते. पण त्याचे रंगीत गोळे धोरणाशी ताडून पाहिल्याशिवाय काही सांगत नाहीत. मलेरियाच्या उपचारासाठी केनियाने १९९८ मध्ये क्लोरोक्वीन हे औषध सोडून सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन घेतले, २००४ मध्ये आर्टिमेथर-लुमेफॅन्ट्रिनचा निर्णय केला आणि २००६ पासून ते वापरात आणले. आरटीएस,एस या मलेरियाच्या लशीचा पथदर्शी वापर तिथे सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. ही वर्षे आलेखावर उभ्या रेषांनी दाखवा. त्याच लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सात देशांत झाली होती. असा लेख केनियाच्या नावावर पूर्ण एक न धरता देशांच्या संख्येने भागा.

अनुदान आणि लेख यांत काही वर्षांचे अंतर असते. २०२५ मध्ये अमेरिकेने केलेल्या कपातीचा परिणाम लेखांच्या संख्येत शोधू नका. आज तो रद्द झालेल्या अनुदानांच्या यादीतच दिसेल.

पहिल्या आणि शेवटच्या लेखकाचा पत्ता स्वतंत्र नोंदवा. शेवटचे नाव बहुधा प्रकल्पप्रमुखाचे असते. नैरोबीच्या ‘इसिपे’ या कीटकसंशोधन केंद्रासारखी आंतरराष्ट्रीय संस्था किंवा किलिफीचे केम्री-वेलकम केंद्र (केम्री ही केनियाची सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) ‘केनियाचे’ धरायचे की नाही, हे मोजणीआधी ठरवून लिहून ठेवा, आणि मसुदा पाठवण्यापूर्वी तिथल्या एखाद्या संशोधकाला तो निकष दाखवा. नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे फोनसाठी आपली दुपार सोयीची.